नागीबायची हाळी

ऐकायचं असेल तर नीट बसून ऐका. ही गोष्ट मध्येच थांबवली तर ती पुन्हा सुरू करायला माझा जीव धजत नाही.

फार वर्षांपूर्वी, या काठावर खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या तिवरांचं रान माजायच्या आधी, इथं वावेखार नावाचं भाताचं गाव होतं. तांबडा तांदूळ पिकायचा. तो चुलीवर रटरटायला लागला की वास खाडीपलीकडच्या गावांना जायचा, असं म्हणतात. असं म्हणणारे माझे आजोबा होते आणि जेवणाची गोष्ट निघाली की ते जरा वाढवून सांगायचे. पण तांदूळ चांगला होता हे खरं.

ती जमीन मुळात समुद्राची. गावानं मातीचा लांबलचक बांध घालून ती त्याच्याकडून काढून घेतली होती. बांधाबाहेर खारं पाणी, आत भात, आणि शेताच्या टोकाला गोड्या पाण्याचं एक तळं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आलं की पाणी बांधाच्या कडेपर्यंत चढायचं. मग पुरुष पावड्यानं चिखल कापायचे आणि बायका रांगेत उभ्या राहून चिखलाचे गोळे हातोहात पुढे सरकवायच्या. बांध अशाच रांगांवर उभा होता. पण बांधाबद्दल ठरवायचं काम गावकीचं, आणि गावकी बसायची देवळात, तिथं बाईमाणसाला जागा नव्हती. चिखल उचलायला चालायची, बोलायला चालायची नाही.

आता त्या गावाची एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच अडलं. बाईनं मोठ्यानं आवाज काढायचा तो घरात कोणी मेलं तरच. तो आवाज कानी पडला की ज्याच्या हातात जे असेल ते त्यानं खाली ठेवायचं, नांगर असो, पावडा असो की होडीचं वल्हं. कोण गेलं ते कळेपर्यंत हात मांडीवर. मेलेल्याचा मान होता तो. बांधाला धोका झाला तर हाळी द्यायची ती पुरुषानं. मग गाव पावडे घेऊन धावायचा. बाईचा आवाज आला की गाव थांबायचा आणि पुरुषाचा आला की धावायचा. रीत मायेपोटी निघालेली होती, म्हणून ती मोडावी असं कोणाच्या मनात आलं नाही.

नागीबाय त्या गावात सून होऊन आली. कुठल्या गावची, कोणाची, ते आता कोणाला ठाऊक नाही. उंच होती आणि अनवाणी चालताना टाचेनं जमीन चाचपडत चालायची, असं म्हणतात. बांधावरून चालताना कुठं भुसभुशीत लागतंय, कुठं खेकड्यांनी आतून पोखरलंय, ते तिला टाचेला कळायचं. सासूला वाटायचं सुनेचा पाय अधू आहे.

आषाढातल्या अमावास्येला, भर दुपारी, ती शेतावर जेवण घेऊन निघाली होती. आत सगळा गाव लावणीला वाकलेला. बांधावर तिच्या टाचेखाली माती हलली. खाली पाहिलं तर खेकड्याच्या बिळातून पाण्याची धार आत येत होती, अगदी बारीक, आणि बघता बघता ती मनगटाएवढी झाली. नागीबायनं डोक्यावरची टोपली टाकली आणि शेताकडे तोंड करून ओरडली, "पानी आयलं! बांद चाललाय! धावा!"

तिचा शब्द न् शब्द सगळ्यांना कळला. हे विसरू नका. ऐकण्यात काही चूक झाली नाही. पण शेतातल्या प्रत्येकानं हातातलं खाली ठेवलं आणि तो गुडघाभर चिखलात तसाच उभा राहिला. गावकीचा म्होरक्या कमळू पाटील म्हणाला, "बाईनं आवाज टाकलाय. आदी कोन गेलं ते बगून या." एक म्हातारा बघायला निघाला. म्हातारा तो म्हातारा, चिखलातून जाणार कसा आणि येणार कसा. तो परत येऊन "कोनी मेलं नाय" असं सांगेपर्यंत बांधाला गाडी जाईल एवढी खांड पडली होती आणि समुद्र शेतात उतरला होता.

खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची काही वर्षं तिथं गवतसुद्धा धरत नाही. त्या वर्षी गावानं कंद खाल्ले, पाला खाल्ला. गावकी बसली आणि दोष कोणाचा ते ठरलं. नागीबायनं आवाज काढला म्हणून गावाचे हात थांबले, हात थांबले म्हणून बांध गेला. तिथं बसलेल्या शहाण्या माणसांना हे पटलं. नागीबायला देवीपुढं उभं करून शपथ घ्यायला लावली की पुन्हा कधी, कशासाठीही, ती आवाज चढवणार नाही. तिनं शपथ घेतली. करते काय?

त्याच उपासमारीत तिची मुलगी गेली. सोनी तिचं नाव, नुकतं घरभर पळायला लागलेलं पोर. बायका जमल्या आणि नागीबायच्या तोंडाकडे बघत राहिल्या, कारण पहिला हंबरडा आईनं फोडायचा असतो. नागीबायनं तोंड उघडलं आणि तिला शपथ आठवली. तिनं पदर तोंडात कोंबला. आई रडली नाही म्हणून बाकीच्या बायकाही रडल्या नाहीत, आणि आवाज झाला नाही म्हणून गावाचे हातही थांबले नाहीत. पोरीला पुरत होते तेव्हा पलीकडे कोणीतरी लाकूड फोडत होता. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त राग या जागी येतो. असं म्हणतात, त्या दिवशी खाडीला ओहोटी आलीच नाही. पाणी काठाला लागून तसंच उभं राहिलं.

बांध पुन्हा बांधला. कोणी बांधला ते सांगायला नको. हळूहळू पावसानं जमिनीतला खार धुऊन नेला आणि भात पुन्हा धरायला लागला. पण नागीबाय आता पोरींना घेऊन बांधावर जायला लागली. आधी शेजारच्या दोघी-तिघी, मग सगळ्या आळीच्या. ती त्यांना टाचेनं बांध ऐकायला शिकवायची. चंद्र कुठल्या तिथीला किती पाणी उचलतो ते शिकवायची. बीळ दिसलं तर आधी पेंढा, मग तिवराची फांदी, मग चिखल, हे हातानं करून दाखवायची. सगळं हलक्या आवाजात. तिचा आवाज ऐकायला पोरींना तिच्याभोवती अगदी चिकटून बसावं लागायचं. आणि एक गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगायची, "कायपन कानावर पडू दे, हात थांबवायचा नाय."

सगळ्यात हुशार निघाली ती येसू, खुद्द कमळू पाटलाची सून. तिला पाटलाच्या घरातून बाहेर पडायला रोज नवं कारण शोधावं लागायचं. पण पोरी मोठ्या झाल्या, लेकुरवाळ्या झाल्या, तरी रांग मोडली नाही. कोणाच्या घरी ताप आहे, कोणाची चूल पेटलेली नाही, कोणाला नवरा मारतो, ते रांगेतच कळायचं आणि रांगच बघायची. तळ्याच्या भोवती त्यांनी आपला वेगळा आडबांध घातला, तोही गावकीला न विचारता. बायकांना हौस आहे चिखलाची, असं म्हणून पुरुष हसले.

मग एकदा नागीबाय सगळ्या रांगेला घेऊन देवळापाशी गेली. बायका पायरीखाली उन्हात बसल्या. आत गावकी सावलीत होती. नागीबाय म्हणाली, "आमी बांदावर रोज असतो. पानी पयलं आमाला दिसतंय. आमच्या हाळीला गावची हाळी माना. आमी हाक मारली का हात थांबवू नका, धावा."

शपथ पाळून ती इतक्या हळू बोलली की मागच्या लोकांना काहीच ऐकू गेलं नाही. कमळू पाटील मात्र पुढंच बसला होता. तो वाईट माणूस नव्हता, असं म्हणतात. तो म्हणाला, "बायांच्या आवाजाला गाव धावाय लागला, तर आमी मेल्यावर थांबंल कोन?" गावकीला ते फार आवडलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बायका उठून घरी गेल्या.

आता पुढचं सांगतो.

नारळी पौर्णिमेचा दिवस होता. गावातले सगळे पुरुष होड्या घेऊन खाडीच्या तोंडाशी गेले होते, नारळ घेऊन, वाजतगाजत. पौर्णिमेचं उधाण आणि वरून पाऊस. दुपार व्हायच्या सुमारास बांध कण्हायला लागला, तो आवाज चुलीपाशी बसलेल्या बायकांना पायातून कळला, असं म्हणतात. हातातलं टाकून सगळ्या धावल्या. रांग लागली. पेंढा, फांदी, चिखल. एक बीळ बुजवलं की दुसरं फुटायचं. हातांचं काम हातांनी होत होतं, पण आता पावडे हवे होते आणि पावडे चालवणारे खांदे हवे होते.

नागीबायनं येसूला पाठवलं. म्हणाली, "वरडू नको. मामंजींच्या कानात सांग, रीतीनं सांग."

येसू काठाकाठानं धावत गेली, गळ्याएवढ्या पाण्यातून सासऱ्याच्या होडीपर्यंत पोचली आणि होडीची कड धरून, आवाज न चढवता म्हणाली, "मामंजी, बांद चाललाय. मानसं घेऊन चला."

कमळू पाटलाच्या हातात सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ होता. तो म्हणाला, "नारल पान्यात पडंपातूर कोनी मागं फिरायचं नसतंय, बाय. तू जा, आमी येताव."

काही चुकलं होतं का तिचं? ती ओरडली नाही, रडली नाही, सांगायचं तसं सांगितलं, डोक्यावरचा पदरही ढळू दिला नाही. आणि तरी तिला तसंच परत जावं लागलं.

तोवर इकडे खांड पडली होती. नागीबाय त्या खांडीत उतरली. पाणी तिच्या छातीला येऊन थांबलं, असं म्हणतात. मागे सगळा समुद्र उभा आणि पुढे ही एकटी, दोन्ही हात दोन्ही बाजूंच्या मातीत रोवून. रांग तिच्या अंगाभोवती चिखल थापत राहिली. येसू परत आली, एकटीच. नागीबायनं तिच्या मागे पाहिलं, लांब खाडीकडे पाहिलं, आणि तिला कळलं की कोणी येत नाहीये.

मग तिनं शपथ मोडली. इतक्या वर्षांचा कोंडलेला आवाज तिनं एकदम सोडला. पलीकडच्या तीरावरचे पक्षी उडाले, गोठ्यातल्या गाई दावी तोडून उभ्या राहिल्या. खाडीच्या तोंडाशी होड्यांमध्ये तो आवाज पोचला, आणि होड्यांमधल्या प्रत्येक पुरुषानं वल्हं खाली ठेवून हात मांडीवर घेतले.

भरतीच्या पाण्यानं त्या बिनवल्ह्यांच्या होड्या उचलल्या आणि खाडीतून आत ओढत आणल्या. ढोल गप्प, माणसं गप्प. पाणी त्यांना बांधापर्यंत घेऊन आलं आणि खांडीतून थेट शेतात घेऊन गेलं. आपल्याच भाताच्या शेंड्यांवरून त्या होड्या तरंगत गेल्या. खांडीत तेव्हा कोणी नव्हतं. बाजूला तळ्याच्या आडबांधापाशी बायका कमरेएवढ्या चिखलात उभ्या होत्या आणि त्यांचे हात चालू होते. पुरुषांनी ते पाहिलं. ऐकल्यावर हात थांबवायचे नाहीत हे पोरींना शिकवलेलं होतं, पुरुषांना कोणी शिकवलं नव्हतं.

तळं वाचलं. शेत गेलं. त्या खेपेला ते कायमचं गेलं, खार इतका खोल उतरला की पुढे कितीही पाऊस पडला तरी तो निघाला नाही. नागीबाय सापडली नाही. ओहोटीला लोकांनी खांडीतला सगळा गाळ उपसला. तिच्या बांगडीचा तुकडासुद्धा मिळाला नाही.

काही दिवसांनी कमळू पाटलानं बायकांना देवळात बोलावलं. आत, सावलीत, गावकीच्या बरोबरीनं बसवलं. येसूकडे बघून म्हणाला, "आता बोला तुमी. गाव ऐकंल."

येसू म्हणाली, "आता काय बोलू, मामंजी? शेत तर गेलं."

 त्या दिवसापासून गावकीत बायका बसतात, आजही बसतात, आणि आमच्याकडे बाईच्या शब्दाशिवाय कुठलंही काम ठरत नाही. आजूबाजूची गावं आमचं कौतुक करतात. मी ते कौतुक खाली मान घालून ऐकतो.

आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडायच्या आधी आमच्याकडे एक गोष्ट होते. गावातली एक मुलगी बांधाच्या उरलेल्या टोकावर चढते आणि गावाकडे तोंड करून हाळी देते. ती हाळी आली की गावातला प्रत्येक पुरुष पावडा उचलून धावतो, सरपंच असो की शाळेचा मास्तर, जेवणाच्या पानावर असला तरी उठतो. बायकांची रांग लागते. चिखल कापला जातो, गोळे हातोहात जातात, जुन्या खांडीच्या तोंडाशी नवी माती थापली जाते. तेवढी माती पुढच्या उधाणाला वाहून जाते.

मागे मुंबईहून आलेल्या कोणाच्या तरी जावयानं हे पाहिलं. बांधाच्या आतलं तिवरांचं रान दाखवून त्यानं विचारलं, "आत तर काहीच नाही. तुम्ही राखता काय?"

आमचा धर्मा म्हातारा तेव्हा पावडा खांद्यावर टाकून लगबगीनं निघाला होता. तो थांबला नाही. जाता जाता म्हणाला, "बाईनं हाळी दिली ना? मग जायाचं."