रिकाम्या पाटावरची अंघोळ

राजा होता एक, पण अगदी लहानसा. उंचीने नव्हे हं, राज्याने. सकाळी न्याहारी करून राज्य बघायला निघाला, की दुपारच्या जेवणाला घरी परत. नाव सुभानराव. म्हणायचा राजवाडा, पण गाईचं दूध राजा स्वतःच काढायचा आणि राणी चुलीपुढे बसून भाकऱ्या थापायची. घरात राजाची म्हातारी आत्या होती, तिला सगळे आत्याबाई म्हणायचे. आणि दोन मुलं. थोरली साळू, धाकटा गोंदू. गोंदू एवढासा, की त्याला अजून स्वतःचं नावही धड घेता यायचं नाही.

राजा भला माणूस. पण कुणी काही विचारलं आणि उत्तर येत नसलं, की त्याला फार लाज वाटायची. मग तो घसा खाकरायचा आणि काहीतरी ठोकून द्यायचा. लोक बिचारे मान डोलवून घरी जायचे.

तर एकदा काय झालं, दिवाळी आली. घर सारवून झालं, करंज्या तळून झाल्या, साळूने दारापुढे रांगोळी काढली आणि गोंदू त्यातून रांगत गेला म्हणून ती पुन्हा काढली. पहिल्या अंघोळीच्या आदल्या संध्याकाळी न्हाणीघरापुढच्या ओसरीवर पाट मांडले. प्रत्येक पाटाभोवती रांगोळी, बाजूला तेलाची वाटी, उटण्याची वाटी, आणि पायाने फोडायला एकेक कारीट. ते कडू फळ हो, अंगठ्याने फोडतात आणि मग जिभेला लावून तोंड वाकडं करतात, तेच.

घरात माणसं पाच. पाट मांडले सहा. दरवर्षी सहाच मांडायचे. सहाव्या पाटावर कुणी बसायचं नाही. पण तेल, उटणं, कढत पाण्याची घागर, सगळं तिथे ठेवायचं आणि आपण आत फराळाला जायचं. राजाच्या आजोबांच्या वेळेपासून असंच चाललं होतं.

साळू आता विचारायच्या वयाची झाली होती. तिने विचारलं, "बाबा, हा पाट कुणाचा?"

राजाने घसा खाकरला. पण या वेळी काही सुचेना. जन्मभर तो पाट बघत आला होता, आणि कुणाचा म्हणून कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. तो म्हणाला, थांब, सांगतो. आणि गुपचूप राणीकडे गेला.

राणी म्हणाली, अहो, मला काय विचारता, घर तुमचं. मी सून म्हणून आले तेव्हापासून मला वाटतं, तुमच्या आजोबांसाठी मांडतात.

मग राजा आत्याबाईंकडे गेला. आत्याबाई म्हणाल्या, छे, आजोबा तर माझे वडील, ते स्वतःच तो पाट मांडायचे. मग स्वतःसाठी कसा मांडतील? बळीराजासाठी असेल. पण मग त्या स्वतःच विचारात पडल्या. बळीराजा येतो पाडव्याला, मग तो आधीच अंघोळीला कसा येऊन बसेल?

मग राजा पाणी तापवणाऱ्या धुरपदाबाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, महाराज, तो तर पंचे ठेवायला असतो. मी दरवर्षी त्याच्यावरच पंचे ठेवते.

झालं. तिघींची तीन उत्तरं. मग तिघी एकमेकींना समजावू लागल्या, समजावता समजावता भांडू लागल्या, आणि गोंदू मधे बसून रडू लागला. राजाचं डोकं भणभणलं. तो म्हणाला, ज्याचं कारण कुणालाच सांगता येत नाही ते या घरात व्हायला नको. आणि त्याने तो पाट उचलला, कोठीत नेला आणि भिंतीला टेकवून ठेवला. साळूला सांगितलं, यंदापासून पाच. साळूला ते काही पटलं नाही, पण फटाके उडवायच्या नादात ती विसरून गेली.

दिवाळी छान झाली. अंघोळी झाल्या, लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला. भाऊबीजेला साळूने गोंदूला ओवाळलं, आणि गोंदूने तबकातली सुपारीच तोंडात घातली.

आता खरी गोष्ट ऐका. जांभया मागून द्या.

दिवाळी गेली की काय येतं? थंडी येते. पण त्या वर्षी थंडी आलीच नाही. कार्तिक अर्धा सरला तरी उकडतच होतं. खोबरेलाची बुधली तुपासारखी घट्ट व्हायची ती झाली नाही, तेल आपलं पातळच. गोधड्या काढल्या, उन्हात घातल्या आणि तशाच पुन्हा घडी करून ठेवल्या. आणि सकाळी रानात गेलं तर पानावर दंवाचा टिपूस नाही. पहिल्या दोन गोष्टींचं काही नाही हो. पण दंव नाही म्हणजे संकटच. त्या राज्यात काळी जमीन, आणि तिच्यात एकच पीक, शाळूचा जोंधळा. तो पावसावर येत नाही. तो थंडीवर आणि दंवावर येतो. थंडी नाही तर जोंधळा नाही, आणि जोंधळा नाही तर वर्षभर कुणाच्याच घरी भाकरी नाही.

लोक राजाकडे आले. म्हणाले, महाराज, पिकाने माना टाकल्या, पानं वळायला लागली. थंडी का येत नाही?

राजाला काय ठाऊक? पण त्याने घसा खाकरला. म्हणाला, थंडी आलेलीच आहे, तुम्हाला लागत नाही एवढंच. आणि दवंडी पिटवली, की सगळ्यांनी घोंगड्या पांघरा आणि शेकोट्या पेटवा. लोकांनी ऐकलं हो, राजाचंच ते. घोंगड्या पांघरून शेकोटीपाशी बसले आणि घामाने निथळले. आत्याबाईंना तर भोवळ आली.

मग राजाने स्वार पाठवला उत्तरेच्या डोंगरांत. तिथली थंडी घागरीत भरून आण, म्हणाला. स्वार गेला, घागर उघडी धरली, थंडी आत शिरली असं वाटल्यावर झाकण लावून वर माती लिंपली. परत आला. चावडीपुढे गाव गोळा झालं. झाकण काढलं. आत हात घालून बघतात तर घागर स्वारापेक्षा गरम. लोक उठून घरी गेले. पण त्या दिवशी कुणी मानही डोलवली नाही.

राजा घरी येऊन पायरीवर बसला. आता त्याला खरंच भीती वाटत होती. पोरांच्या ताटात काय वाढायचं, याची भीती. आणि आपल्याला काही म्हणजे काही कळत नाही, याची.

समोर अंगणात साळू आणि गोंदू दिवाळी-दिवाळी खेळत होते. तुमच्यासारखंच, सण संपला तरी यांचं संपत नाही. बाहुल्यांना अंघोळी चालल्या होत्या. कौलाच्या खापऱ्या म्हणजे पाट. बाहुल्या होत्या दोन आणि एक लाकडी बैल. तिघांच्या तीन खापऱ्या मांडल्या होत्या, आणि शेजारी आणखी एक, रिकामी. साळूने तिच्यापुढेही पानावर चिमूटभर माती ठेवली होती, उटणं म्हणून.

राजाने विचारलं, "ही कुणाची गं?"

साळू म्हणाली, "ते आलं की कळेल."

एवढंच बोलली आणि बैलाचं अंग चोळायला लागली. राजा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मनाशी यंदाची दिवाळी आठवून पाहिली. तेल तेच, उटणं तेच, दिवे तेच. वेगळं झालं ते एवढंच, की एक पाट कमी झाला. त्याचा आणि थंडीचा काय संबंध, हे त्याला काही केल्या उलगडेना. पण तो उठला, कोठीत गेला आणि पाट पुसू लागला.

आता दिवाळी तर होऊन गेलेली. पण मार्गशीर्ष लागला की देवदिवाळी येते ना? राजा म्हणाला, त्या दिवशी पहिली अंघोळ पुन्हा करायची. घरात सगळा गोंधळ उडाला. आत्याबाई म्हणाल्या, देवदिवाळीला कुठे कारीट फोडतात का, असं आमच्यात नाही. राणी म्हणाली, फराळाच्या डब्यात चिवड्याचा नुसता चुरा उरलाय, पाहुण्यापुढे काय ठेवू? आणि पाहुणा कोण, ते तरी सांगा. राजाला तेही सांगता येईना. कारिटं तर वेलींवरून कधीच गळून गेलेली. राजा स्वतः कुंपणाकुंपणाने हिंडला, हात ओरबाडून घेतले, तेव्हा एक सुकलेलं कारीट सापडलं. मुलं मात्र खूश. वर्षात दोनदा दिवाळी कुणाला नको असते?

देवदिवाळीची पहाट झाली. ओसरीवर सहा पाट मांडले, रांगोळ्या घातल्या, पणत्या लावल्या. या वेळी धुरपदाबाईंनी पंचे खुंटीला टांगले. सगळ्यांच्या अंघोळी उरकल्या आणि सगळे सहाव्या पाटाकडे बघत उभे राहिले. पाट आपला रिकामा. घागरीतलं पाणी निवत चाललं. राणी मुलांना घेऊन आत गेली, मग आत्याबाई गेल्या, मग धुरपदाबाई नवं कढत पाणी ठेवून गेल्या. राजा एकटा उरला.

त्याला फार ओशाळल्यासारखं झालं. लाकडाच्या पाटाशी राजा काय बोलणार? आधी त्याने घसा खाकरला, सवयीने. पण मग त्याला रानातला वाळता जोंधळा आठवला, आणि तो खाली बसला. म्हणाला, "तू कोण आहेस ते मला ठाऊक नाही. बाई की बाप्या, तेही ठाऊक नाही. माझं चुकलं. पाणी तापलंय, ये."

आणि त्याने तळहातावर तेल घेतलं आणि हात पाटावर, रिकाम्या जागेत, पुढे नेला. हात अडला बरं का. दिसत काही नव्हतं. पण हाताखाली एक पाठ होती. एवढीशी, हाडं लागत होती, आणि विहिरीच्या तळच्या पाण्यासारखी गार. राजाचा हात बधिर झाला. त्याच्या मनात आलं, हात ओढून घ्यावा आणि आत पळून जावं. पण ती पाठ कुडकुडत होती. न्हाऊन आला की गोंदू कसा कुडकुडतो, अगदी तशी. मग राजाला पळवेना. त्याने आणखी तेल घेतलं आणि आपल्या लेकरांना चोळतो तसं चोळलं. पाठ चोळली, खांदे चोळले, बारकेसे हात चोळले. मग उटणं लावलं. मग कढत पाणी ओतलं, तांब्यावर तांब्या. हळूहळू कुडकुड थांबली. आणि पाटावरून एक लांब निश्वास ऐकू आला.

कोण होती ती, सांगू? थंडी होती. तिचं कसं असतं, ती जाईल तिथे लोक दारं लावून घेतात, शेकोट्या पेटवतात, कधी जाईल ही म्हणतात. तिला स्वतःलाच किती थंडी वाजत असेल, याचा विचार कुणी केला होता? या एका घरात कुणी तरी, कधी तरी तो केला होता. त्या एका अंघोळीसाठी ती डोंगर उतरून एवढ्या लांब यायची. त्या वर्षीही आली होती. ओसरीवर पाच पाट बघितले, आपला दिसला नाही, आणि बिचारी वेशीबाहेर जाऊन बसून राहिली होती.

राजाला पाटापासून दारापर्यंत ओली पावलं उमटताना दिसली, लहान पोरीची असावीत तशी. पावलं अंगणात उतरली, आणि रानाकडून गार वारा आला. आतून आत्याबाई ओरडल्या, दार कुणी उघडं टाकलंय, लावा आधी. राजा म्हणाला, जरा राहू द्या.

दुसऱ्या दिवशी पानापानावर दंव पडलं. जोंधळ्याने मान वर केली, मग कणसं आली, मग दाणे भरले. घरोघरी भाकऱ्या झाल्या आणि वर दुधाची सायही झाली. राणी अजून म्हणते पाट आजोबांचा, आत्याबाई म्हणतात बळीराजाचा, त्यांचं काही मिटलं नाही. राजा कुणालाच काही सांगत नाही. दरवर्षी त्या पाटावरची अंघोळ मात्र तो स्वतः घालतो, आणि धुरपदाबाईंना म्हणतो, पाणी थोडं आणखी कढत असू द्या, लांबून यायचं असतं.

आणि थंडी आली त्या रात्री सगळं राज्य गोधड्या ओढून गाढ झोपलं. राजा झोपला, राणी झोपली, साळू आणि गोंदू एका गोधडीत झोपले. चला, तुम्हीही पाय आत घ्या, आणि ओढाओढी न करता गप झोपा.