सेवाशिबिराचे प्रमाणपत्र मिळणेबाबत

विषय वर नमूद केला आहे. संदर्भ : श्री. उत्तरेश्वर माळवदे, द्वितीय वर्ष कला, यांचा अर्ज. सदर अर्जाच्या अनुषंगाने हकीकत खालीलप्रमाणे सादर आहे.

एका तालुक्याच्या गावी एक कॉलेज होते आणि त्या कॉलेजात एक भोळा विद्यार्थी होता. भोळा म्हणजे काय, तर तो सांगितलेले ऐकायचा. कॉलेजात असे विद्यार्थी सहसा नसतात, त्यामुळे एखादा निघालाच तर त्याचे काय करावे हे कुणाला माहीत नसते. लहानपणी आई त्याला म्हणाली होती, "दाराकडं लक्ष ठेव." त्याने लक्ष ठेवले. मांजर खिडकीतून आले, दूध पिऊन खिडकीतून गेले. उत्तरेश्वर दाराकडे बघत होता.

हा उत्तरेश्वर इंग्रजीत नापास झाला होता. फार नाही, थोडासाच. सेवाशिबिर केले की प्रमाणपत्र मिळते, प्रमाणपत्र जोडले की वाढीव गुण मिळतात, आणि तेवढे गुण मिळाले तर उत्तरेश्वर पास होत होता. म्हणून तो समाजसेवेकडे वळला. बाकीची मुलेही साधारण याच रस्त्याने वळली होती.

शिबिर बोरमाळला होते. बोरमाळला शाळा आहे, मारुती आहे, एक ओढा आहे आणि ओढ्याच्या काठी गावाचा आड आहे. शिमगा आला की आड तळ गाठतो. मग बायकांना घागरी घेऊन माळ चढून पलीकडच्या गावच्या विहिरीवर जावे लागते. वाळूने भरलेली पोती ओढ्यात आडवी रचून पाणी अडवायचे, म्हणजे आडाला पाझर राहील, असे शिबिराचे काम ठरले होते.

ट्रकमधून मुले उतरली तेव्हा शाळेशेजारच्या द्वारकाआज्जी कमरेवर हात ठेवून बघत उभ्या राहिल्या. शिबिराचे प्रमुख सुरवसे सर. त्यांना आज्जींनी विचारले, "काय करायला आलाव म्हणं?"

"श्रमसंस्कार, आज्जी."

"ते करा की. पण तेवढं पाणी अडवा बाबा. माझे गुडघे गेलेत. औंदा माळ चढायचं माझ्यानं हुणार न्हाई."

"अडवणार म्हणजे अडवणार," सर म्हणाले. "शब्द देतो."

पहिल्या सकाळी ग्रामसफाई होती. सर म्हणाले, "गावात शेण दिसलं की उचलायचं आणि उकिरड्यावर टाकायचं. कुणी सांगेल म्हणून वाट बघायची नाही."

मुले मारुतीच्या पारावर बसून खराटे कुणी धरायचे यावर चर्चा करू लागली. उत्तरेश्वर घमेले घेऊन निघाला. शाळेशेजारीच त्याला शेण दिसले. अंगणभर होते, ओले होते, आणि हाताने छान गोल गोल पसरलेले होते. त्याने खोऱ्याने सगळे खरवडले, घमेल्यात भरले आणि उकिरड्यावर टाकले. द्वारकाआज्जी हात धुऊन बाहेर आल्या तेव्हा तो शेवटचा कोपरा खरवडत होता.

"अरं मुडद्या! आत्ता सारवलं की रं मी!"

"हो आज्जी. निघालं सगळं."

सुरवसे सर धावत आले. आज्जींची समजूत काढली. मग उत्तरेश्वरला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, लोकांच्या वस्तूला हात लावण्याआधी घरच्या माणसाला विचारावं. हो म्हणाले तर करावं. नाही म्हणाले तर गप्प उभं राहावं. काय शिकलास?"

"विचारावं. नाही म्हणाले तर गप्प उभं राहावं."

"शाबास. विसरू नकोस."

उत्तरेश्वर विसरला नाही. त्याच्या बाबतीत अडचण असते ती हीच.

त्याच दुपारी उद्घाटन झाले. तालुक्याच्या पतसंस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब आले, त्यांनी शाळेपुढे लिंबाचे रोप लावले, फोटो निघाला आणि ते गेले. रोपाजवळ उत्तरेश्वरला राखणीला ठेवले. थोड्या वेळाने एक शेळी आली आणि रोपाचा वास घेऊ लागली. शेळी द्वारकाआज्जींची होती. म्हणजे लोकांची वस्तू. उत्तरेश्वर आज्जींच्या दारात गेला. आज्जी भाकरी थापत होत्या. अंगण अजून ओरबाडलेलेच होते.

"आज्जी, तुमच्या शेळीला हाकलू का?"

"माझ्या शेळीला? तू? सकाळी अंगण घालवलंस, आता शेळी घालवायलास? खबरदार हात लावशील तर."

"म्हणजे नाही?"

"न्हाई!"

उत्तरेश्वर परत आला आणि शेळीशेजारी गप्प उभा राहिला. शेळीने पाने खाल्ली, मग शेंडा खाल्ला, मग दांडा खाल्ला. सर आले तेव्हा खड्डा शिल्लक होता.

"अरे, रोप कुठंय?"

उत्तरेश्वरने शेळीकडे बोट दाखवले. "विचारलं होतं सर. नाही म्हणाल्या."

सरांनी त्याला खड्ड्यापासून बाजूला घेतले. मग म्हणाले, "बाबा रे, झाडाला कुणी तोंड लावलं की विचारत बसायचं नसतं. काठी घ्यायची, मोठ्यांदा ओरडायचं आणि गावाच्या शिवेबाहेर हाकलून यायचं. काय शिकलास?"

"काठी, ओरडणं, शीव."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 'वृक्ष हाच मित्र' या विषयावर गुंजाळ सरांचे व्याख्यान झाले. झाड कापणाऱ्याचे हात कापावेत, असे ते म्हणाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. शेवटची एसटी चुकल्याने व्याख्याते शाळेतच मुक्कामाला राहिले. सकाळी उठून शाळेमागच्या लिंबाखाली गेले, एक कोवळी काडी मोडली, दाताखाली धरली आणि चावू लागले.

त्यानंतर बोरमाळने जे पाहिले ते गाव अजून सांगते. पुढे व्याख्याते, अंगावर बनियन, तोंडात काडी. मागे उत्तरेश्वर, हातात काठी. "हुर्रर्र! हा! हा!" असे ओरडत त्याने त्यांना शिवेपर्यंत नेले. शीव आल्यावर तो थांबला. व्याख्याते थांबले नाहीत. त्यांची पिशवी नंतर एका मुलाबरोबर पाठवावी लागली आणि मानधनाचे पाकीटही.

सुरवसे सरांचा आवाज बसला होता. "अरे गाढवा, ते पाहुणे होते! पाहुणा आला की हात जोडावेत, हार घालावा, खुर्ची द्यावी. तो काय करतो ते हसतमुखानं बघावं, हवं-नको बघावं, जाताना टाळ्या वाजवाव्यात. काय शिकलास?"

"हार, खुर्ची, हसतमुख, टाळ्या."

"आणि काठी इकडं दे."

पुढचे दोन दिवस बरे गेले. सगळे ओढ्यावर होते. मुले पोती भरत होती, रचत होती, मधून मधून फोटो काढत होती. उत्तरेश्वरला शाळेत स्वयंपाकाच्या भांड्यांपाशी बसवले होते. तिथे झाड नव्हते, शेळी नव्हती, आणि शेणही नव्हते.

मग एके दिवशी भर दुपारी एक टेम्पो आला. त्यातून एक अनोळखी गृहस्थ उतरले. इकडे तिकडे बघत आत आले आणि मोठ्या पातेल्याला हात घातला. उत्तरेश्वर उठला. त्याने हात जोडले. उद्घाटनातला एक हार खिळ्याला टांगलेला होता, तो त्यांच्या गळ्यात घातला. त्या गृहस्थांनी आजवर बरीच कामे केली असतील, पण सत्कार पहिलाच असावा. ते घाबरले.

"बसा ना," उत्तरेश्वर म्हणाला.

"नको. घाई हाय."

"मग हवं-नको सांगा."

"त्या परातीचं दुसरं टोक धर."

उत्तरेश्वरने धरले. पातेली गेली, पराती गेल्या, झारे-डाव गेले. टेम्पो वळेपर्यंत तो हसतमुख उभा होता. शेवटी त्याने टाळ्या वाजवल्या.

त्या संध्याकाळी शिबिर उपाशी राहायचे, पण गावाला दया आली. घराघरातून भांडी आली. द्वारकाआज्जींनी लग्नातली पितळी परात दिली. देताना सरांना म्हणाल्या, "त्या पोराच्या हातात देऊ नगा."

रात्रीच्या जेवणानंतर सरांनी उत्तरेश्वरला समोर बसवले. ते थकले होते. थकलेला माणूस व्यापक बोलतो.

"हे बघ उत्तरेश्वर. आता एकच गोष्ट सांगतो, मग काही सांगत नाही. आपण या गावात पाहुणे आहोत. ज्याचं जे आहे ते त्याला परत द्यायचं. गावची काडी आपल्याबरोबर जायला नको, आपली काडी गावात राहायला नको. शिबिर उठेल तेव्हा गाव जसं होतं तसं सोडायचं. काय शिकलास?"

"गाव जसं होतं तसं."

"बास. एवढं केलंस तर प्रमाणपत्रावर मी डोळे झाकून सही करतो."

उत्तरेश्वरने मान हलवली. इंग्रजी त्याच्या डोळ्यांपुढे आले असावे.

समारोपाच्या आदल्या दिवशी बंधारा पुरा झाला. ओढ्यात लांबवर पाणी साठले. आडाचे पाणी वीतभर वर आले. द्वारकाआज्जी काठी टेकत ओढ्यावर गेल्या, पाण्यात पाय सोडून दगडावर बसल्या आणि आपल्या गुडघ्यांना म्हणाल्या, "बघा. औंदा सुटलाव तुमी." उठताना त्यांनी उत्तरेश्वरच्या तोंडावरूनही हात फिरवला. त्याने अंगण खरवडले होते हे त्या विसरल्या. माणसे पाणी बघितल्यावर बरेच विसरतात.

समारोपाचा मंडप बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला, ओढ्याच्या कोरड्या पात्रात घातला. तिथे सावली होती आणि जागा सपाट होती. सकाळीच उत्तरेश्वरने ज्याचे भांडे त्याच्या घरी पोचवले. आज्जींची परात चिंचेने घासून दिली. सर म्हणाले, "आठवडाभरात पहिल्यांदा काम केलंस. असंच शेवटपर्यंत कर." आणि ते पाहुण्यांना आणायला गेले.

उत्तरेश्वरने शेवटपर्यंत केले.

शाळेच्या भिंतीवर मुलांनी सुविचार लिहिले होते, ते त्याने ओल्या फडक्याने पुसले. खेळाचे मैदान साफ केले होते, त्याचे दगड-धोंडे परत आणून पसरले. गावातून काढलेला कचरा उकिरड्यावर होता. तो त्याने आठवून आठवून जागच्या जागी नेऊन टाकला. मारुतीमागची फुटकी चप्पल मारुतीमागे, पाराखालच्या विड्यांची थोटके पाराखाली. सगळे गाव मंडपात बसले होते, त्यामुळे कुणाची अडचण झाली नाही. मग तो ओढ्यावर गेला.

मंडपात आप्पासाहेब बोलायला उभे होते. मागे मुलांनी कापडी फलक लावला होता. पुढच्या सतरंजीवर द्वारकाआज्जी बसल्या होत्या.

"बंधू-भगिनींनो," आप्पासाहेब म्हणाले, "सरकारला जमलं नाही ते या लेकरांनी करून दाखवलं. मी आज तुम्हाला सांगतो, बोरमाळचं पाणी आता बोरमाळ सोडून कुठंही जाणार नाही!"

टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबल्यावर सतरंजी ओली लागू लागली. मग ती हलली. मग पाणी आले. फार नव्हते, घोट्याएवढे होते, पण ते सगळे होते. हारांचे ताट निघाले, मागोमाग चपला निघाल्या. आप्पासाहेब खुर्चीवर चढले. सतरंजीबरोबर आज्जी निघाल्या असत्या, पण शेजारी बसलेल्या दोघींनी त्यांना दंडाला धरून काठावर काढले. सगळे वरच्या बाजूला धावले.

बंधारा नव्हता. उत्तरेश्वर काठावर बसून रिकामी पोती झटकत होता आणि घड्या घालत होता. पोती कॉलेजची होती, ती त्याने एकावर एक नीट रचली होती. वाळू गावची होती, ती जिथून काढली तिथे नेऊन ओतली होती. पाणी ओढ्याचे होते, ते ओढ्याला दिले होते.

द्वारकाआज्जी सगळ्यांच्या मागून, काठी टेकत, भिजलेल्या लुगड्याने वर आल्या. रिकाम्या ओढ्याकडे बघितले.

"लेकरा, पाणी कुठं गेलं रं?"

"पहिल्यापासून जिथं जात होतं तिथंच, आज्जी."

मग त्याने सरांकडे बघितले. "गाव जसं होतं तसं झालं, सर. आता सही करा."

येथवर हकीकत झाली. अर्जाची स्थिती पुढीलप्रमाणे आहे.

अर्जाच्या नमुन्यात 'शिबिरातून आपण काय शिकलात?' असा रकाना आहे. इतर विद्यार्थ्यांनी 'नेतृत्वगुण व ग्रामीण जीवनाची ओळख' असे एकसारख्याच शब्दांत लिहिले असून त्यांना प्रमाणपत्रे मिळाली आहेत. अर्जदाराने लिहिले आहे : 'शेण विचारून उचलावे. शेळी न विचारता हाकलावी. आलेल्याला हार घालावा. गाव जसे होते तसे सोडावे.' यातली प्रत्येक गोष्ट शिबिरप्रमुखांनीच शिकवली असल्याने उत्तर चूक आहे, असे लिहून देण्यास शिबिरप्रमुख तयार नाहीत.

शिबिराचा अहवाल, नेहमीप्रमाणे, शिबिर संपण्याआधीच फोटोसह वर गेला आहे. बंधारा पाडला म्हणून प्रमाणपत्र नाकारावे, तर अहवालात बंधारा उभा आहे. बंधारा उभा आहे म्हणून प्रमाणपत्र द्यावे, तर तो ओढ्यात नाही. प्राचार्यांनी अर्जावर 'बंधारा समक्ष पाहून निर्णय घ्यावा' असा शेरा मारला आहे. पाहायला कोणी जावे, ते शेऱ्यात नाही.

दरम्यान बोरमाळहून दुसरा अर्ज आला आहे. त्यावर द्वारकाआज्जींचा अंगठा पहिला आहे. मजकूर असा : 'बंधारा परत बांधून द्यावा. शिमगा तोंडावर आला. पाहुणे नकोत, मंडप नको, समदी पोरंही नकोत. एकटा उत्तरेश्वर पाठवावा. त्याला सांगितलं की तो करतो. सांगायला माणूस आम्ही गावातून देऊ.'

बांधलेला बंधारा पुन्हा बांधण्याची तरतूद नाही. सबब हाही अर्ज पहिल्या अर्जाला जोडण्यात आला आहे. दोन्ही विचाराधीन आहेत.

उत्तरेश्वर चौकशीला कार्यालयात आला होता. "निर्णय होईपर्यंत बाहेर थांब," असे त्याला सांगण्यात आले.

तो बाहेर आहे.