पंपबाईंची लेक

फार वर्षांपूर्वी, गाड्या धुण्याच्या एका केंद्रात, पंपबाईंची झोप काळजीनं उडाली होती. त्यांची लेक, म्हणजे नळीच्या टोकाची पिचकारी, पहिल्यांदाच मोटार धुणार होती, आणि ती मोटार म्हणजे नुकताच रंग लावून घेतलेल्या एक आजी.

"हातभर लांब राहा, धार पसरट ठेव," पंपबाई सकाळपासून बजावत होत्या. प्रत्येक सूचनेगणिक त्यांची घरघर वाढे आणि पाण्याचा दाबही.

"बाई, जरा दमानं घ्या," मोटारआजी म्हणाल्या. "माझा रंग कालच वाळलाय."

"तेच तर तिला सांगतेय, आजी," म्हणत पंपबाईंनी आणखी जोर लावला. आजींच्या दारावरचा रंग पापुद्र्यासारखा निघून आला.

"एवढं सांगून शेवटी जवळ गेलीसच ना?" पंपबाई लेकीवर ओरडल्या.

"नाही गं आई," पिचकारी म्हणाली, "मी हातभर लांबच होते. जोर तेवढा तुझा होता."