आबांनी न दिलेली होडी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा लोक नदीचं पाणी ओंजळीनं प्यायचे, आणि कुणाच्या चुलीवर आज काय शिजतंय हे अख्ख्या गावाला वासावरून कळायचं.

अशा एका गावात एक मोठा मळेवाला राहायचा. लोक त्याला आबा म्हणत. आबांचा हात सढळ होता, खोटं कशाला बोला! पण हाताहून तोंड जास्त सढळ. कुणाला चिमूटभर मीठ दिलं तरी आठवडाभर सगळं गाव खारट करून सोडायचे.

नदीच्या पलीकडे शेळ्या राखणाऱ्यांची एक वाडी होती. एका थंडीत आबांनी वाडीतल्या झाडून सगळ्या पोरांना नवे सदरे शिवून दिले. छान केलं. तिथंच थांबले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि आपण जेवायला बसलो असतो. पण आबा कसले थांबतात! बाजारात वाडीचं पोर दिसलं की त्याची बाही धरून चारचौघांना दाखवायचे, "बघा, बघा, हा सदरा माझा! शिलाई बघा!" एका शेंबड्या पोरानं नाक पुसलं तर म्हणाले, "अरे अरे, माझ्या बाहीला नको!"

वाडीत एक म्हातारी होती. सगळी वाडी तिचं ऐकायची, म्हणून तिला कारभारीण म्हणत. तिनं सगळे सदरे गोळा केले, धुतले, घड्या घातल्या आणि आबांच्या ओट्यावर आणून ठेवले.

"आबा, आमची पोरं उघडी हिंडतील," ती म्हणाली, "पण तुमची दवंडी अंगात घालून हिंडायची नाहीत. इथून पुढं तुमच्या घरचं आम्हाला काही नको."

"नको तर नको! गरज लागली की येशील," आबा गुरगुरले.

ती काही आली नाही.

आता शाळेचं ऐका. गुरुजींची शाळा अलीकडच्या काठाला, देवळाच्या ओसरीवर भरायची. उन्हाळ्यात नदी गुडघ्याएवढी. वाडीची पोरं कपडे वर खोचून पाण्यातून यायची, ओल्या पायांचे ठसे ओसरीभर उमटवायची आणि गुरुजींच्या शिव्या खायची. काय गोड शिव्या असायच्या तेव्हाच्या! पण पावसाळ्यात नदी फुगली की पोरं जी पलीकडे अडकायची ती थेट दिवाळीपर्यंत. मग पुन्हा ग, म, भ, न पासून सुरुवात. काही बहाद्दर तर मिसरूड फुटलं तरी 'ग गवताचा' गिरवत बसले होते.

त्या पोरांत कारभारणीची नात होती, भागी. शेळ्या राखायची. ही भर पावसाळ्यातसुद्धा पलीकडच्या काठावर येऊन उभी राहायची. गुरुजी इकडून तोंडाशी हात धरून पाढे ओरडायचे, ती तिकडून म्हणायची. पण मधला वारा मोठा खोडकर. 'सात सक्कं' तेवढं पोचवायचा आणि 'बेचाळीस' स्वतःच गिळून टाकायचा. भागीला प्रश्न सगळे पाठ, उत्तर एकाचंही नाही. आपल्याकडच्या शहाण्यांचं बरोबर उलटं असतं: उत्तरं तोंडावर, प्रश्न काय होता त्याचा पत्ता नाही.

एक दिवस आबा बैल धुवायला नदीवर आले. गुरुजींचा घसा पार बसलेला. पलीकडून भागी जीव तोडून विचारत होती, "गुरुजी, सात सक्कं किती?" गुरुजींच्या तोंडून नुसती हवा.

आबांना राहवेना. मळ्यातली पाखरं उडवून उडवून कमावलेला आवाज तो! त्यांनी ठोकलं, "बेचाळीऽऽस!"

वाऱ्याची काय टाप होती तो आवाज अडवायची! भागीला लख्ख ऐकू गेलं. पण तिनं आवाज ओळखला. तोंड फिरवलं आणि शेळ्या हाकत चालती झाली. आबांच्या घरचं काही घ्यायचं नाही म्हणजे नाही. बेचाळीससुद्धा नाही.

आबा मांडीभर पाण्यात तसेच उभे. बैल धुवायचे राहिले, आबा स्वतःच धुतले गेल्यासारखे झाले. आपण दिलेले सदरे परत आले तेव्हा त्यांना राग आला होता. आज पहिल्यांदाच लाज वाटली.

त्यांनी लांबच्या गावचा एक सुतार गाठला. त्याच्याकडून चांगल्या सागाची, दहा-बारा पोरं बसतील अशी होडी करवून घेतली. "कुणाला सांगशील तर बघ," असं सांगताना आबांची जीभ इतकी अडखळली की सुताराला वाटलं, म्हाताऱ्याला झटका आला. पुढं देवीच्या जत्रेला दोन्ही काठांची माणसं गेली तेव्हा सुतारानं होडी आणून वाडीच्या बाजूला जांभळीला बांधली आणि आल्या वाटेनं निघून गेला.

जत्रेहून परतली माणसं, तर ही गंमत! वाडी हरखली. पोरं तर होडीत चढून बसलीसुद्धा. पण कारभारीण कसली चतुर! तीच होडी तिनं आधी अलीकडे आणायला लावली आणि गावच्या पारावर येऊन सगळ्यांदेखत विचारलं,

"आबा, ही होडी तुमची का? असेल तर आत्ता सोडते धारेला."

आबांच्या गळ्यापर्यंत 'हो' आलं होतं. ते त्यांनी अख्ख्या सुपारीसारखं गिळलं.

"माझी? मी बरा देईन! तुम्ही माझे सदरे परत केलेत, विसरलो नाही मी."

"मग ठीक," म्हातारी म्हणाली.

पण मग होडी कुणाची? गावाला असं कोडं पडलं की गाव झोपत नाही. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "सकाळी गुळवाले अण्णा होडीला हात लावून बघत होते!"

हे अण्णा गुळाचे व्यापारी. ढेपेवर बसलेली माशी उडाली तर तिच्या पायांना लागलेला गूळ परत आणायला दोन शेतं धावणारा माणूस. त्या दिवशी पलीकडून जीव मुठीत धरून कुणाच्या तरी तराफ्यानं येताना त्यांनी होडी पाहिली आणि बेवारशी असेल तर लाकूड जळणाला बरं, म्हणून चाचपून बघितलं. लोकांनी विचारलं तेव्हा चोरीचा आळ येईल या भीतीनं ते गप्प बसले. लोक म्हणाले, "बघा, दान करून वर गप्प! याला म्हणतात मोठेपणा."

अण्णांना जाताना-येताना रामराम पडू लागले. आबांना ते बघवेना. माणसाला सांगता येईना, तेव्हा गोठ्यात जाऊन त्यांनी म्हशीला सांगितलं. तेव्हाच्या म्हशी बोलायच्या. आताच्याही बोलतील, पण आपण त्यांना बोलू कुठं देतो?

"होडी माझी," आबा म्हणाले, "आणि रामराम त्या चिकटाला!"

म्हशीनं रवंथ थांबवला. "धनी, पोरं शाळेत पोचतात का?"

"पोचतात की. त्या भागीनं काल सत्तावीसचा पाढा म्हटला."

"होडी गळते का?"

"वा! सागाची आहे!"

"मग दुखतंय कुठं?" म्हशीनं विचारलं आणि पुन्हा रवंथ सुरू केला. म्हशींचं हे एक वाईट असतं. विचारतात आणि उत्तराला थांबत नाहीत.

दिवाळी झाली. गावानं आणि वाडीनं मिळून देवळात अण्णांचा सत्कार ठरवला. अण्णांना जरीचा फेटा बांधला. भागी पुढं आली. स्वतःच्या हातानं पाटीवर लिहिलेलं ती वाचू लागली, "ज्यांनी आम्हाला होडी दिली, त्यांचे उपकार..." 'उपकार'ला अडखळली, सावरली, पुन्हा वाचलं. वाडीत सलग वाचणारं ते पहिलं पोर. कारभारीण पदरानं डोळे पुसत होती.

आणि आबांना सहन झालं नाही. ते ताडकन उठले.

"थांबा!"

सगळं देऊळ वळून बघायला लागलं. अण्णांचा चेहरा त्यांच्याच गुळासारखा काळा पडला. कारभारणीचे डोळे बारीक झाले.

"काय आबा? काही सांगायचंय?"

एक शब्द पुरे होता. फेटा इकडे आला असता आणि होडी धारेला लागली असती. आबांनी भागीकडे पाहिलं. पुढची ओळ हुकू नये म्हणून तिनं पाटीवर बोट तसंच दाबून धरलं होतं.

"सांगायचंय की," आबा म्हणाले, "फेटा तिरका बसलाय."

आणि पुढं होऊन त्यांनी आपल्या हातांनी अण्णांचा फेटा सरळ केला. "वाच गं पोरी," म्हणाले आणि मागं जाऊन खांबाला टेकून बसले. भागीनं शेवटपर्यंत वाचलं. आबांनी शब्द न् शब्द ऐकला.

फुकटची स्तुती अंगावर घालून हिंडणं किती जड असतं ते अण्णांना विचारा. आठवड्याच्या आत त्यांनी होडीला लावायला तेल दिलं. मग पोरांना गुळाचा एकेक खडा. पहिला खडा देताना ते असे कण्हले की पोरं घाबरली. पण हळूहळू कण्हणं कमी झालं, खडे मोठे झाले आणि एक दिवस अण्णांना कळलं की आपण हसतोय.

वर्षं गेली. भागी पंतोजीण झाली आणि वाडीतच तिनं शाळा घातली. देवळाच्या ओसरीवरचे ओले ठसे बंद झाले. गुरुजींना मात्र त्यांची फार आठवण यायची.

आबा थकले. एकदा त्यांना पलीकडे जायचं होतं. होडी वल्हवणारा वाडीचाच दांडगा गडी. तो हात देत म्हणाला, "बसा आबा. तुम्ही जन्मात होडीला एक खिळा दिला नाहीत, पण चला, म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणू नये."

आबा बसले आणि काठ येईपर्यंत पोट धरधरून हसत राहिले. म्हाताऱ्याला काय झालं ते त्या गड्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

तर लहानथोरहो, एवढंच ध्यानात ठेवा: दान द्यावं आणि आपलं नाव घरी ठेवावं, म्हणजे घेणाऱ्याला ते मान ताठ ठेवून घेता येतं.