गेनू शिपायाची शाळापट्टी

टाकळवाडी नावाच्या गावात गेनू म्हणून एक भोळा शिपाई होता. पंचायतीचा शिपाई. भोळा म्हणजे कसा, तर सांगितलेलं काम करायचा. जेवढं सांगितलं तेवढं आणि जसं सांगितलं तसं. गावात बाकीचे सगळे हुशार होते, सांगितलेलं कुणीच करायचं नाही. म्हणून गाव गेनूला मूर्ख म्हणायचं.

गावच्या शाळेत वर्ग चार आणि गुरुजी एक. सरकार म्हणालं, पोरं कमी आहेत, एकावर भागवा. मग ग्रामसभा झाली. गावानं ठराव केला की आपली आपण एक बाई नेमू. घरामागं महिना चाळीस रुपये शाळापट्टी, त्यातून बाईंना महिना सहा हजार. ठरावाला सगळ्यांनी हात वर केले. हात वर करायला पैसे पडत नाहीत.

वाघचौरे बाई आल्या. पहिली-दुसरीला शिकवू लागल्या. जी पोरं शेंबूड पुसायला विसरायची ती पाटीवर नावं लिहू लागली. चार महिने झाले. बाईंना एक रुपया मिळाला नाही. बाई सरपंचांच्या ओट्यावर गेल्या आणि उभ्या-उभ्याच सांगून आल्या, की मार्गशीर्षात गावची यात्रा आहे, तिच्या आदल्या दिवसापर्यंत पगार हातात पडला तर राहते, नाहीतर दुपारच्या एसटीनं जाते. बाई गेल्या की पहिली-दुसरीची पोरं पुन्हा ओढ्यात खेकडे धरणार. एवढा साधा हिशोब होता.

सरपंच म्हणजे रंगराव आण्णा. त्यांनी गेनूला शाळापट्टी मागायला पाठवलं. गेनू पहिल्यांदा मोतीशेट वाण्याकडं गेला. गावात सगळ्यात मोठं दुकान त्याचं. मोतीशेट म्हणाला, माझी पोरं शिकून पुण्याला गेली. मी शाळा वापरत नाही, मग मी का भरू?

गेनू हात हलवत परत आला. निवडणुकीत आण्णांच्या जीपचं डिझेल मोतीशेटनं भरलं होतं. आण्णा म्हणाले, "बरोबर आहे शेटचं. जो वापरील त्यानं भरावं. ध्यानात ठेव."

गेनू म्हणाला, "बरं आण्णा, ठेवतो."

त्याच आठवड्यात नामदेव सुताराचा म्हातारा बाप वारला. पंचायतीनं स्मशानात पत्र्याची शेड बांधली होती, तिची पट्टी सुताराकडं राहिली होती. गेनू वसुलीला गेला. दारात तिरडी बांधून तयार. नामदेव पुढं आला, त्याला गेनूनं बाजूला केलं. म्हणाला, तुझ्याकडं काम नाही. मग तो तिरडीशी उकिडवा बसला आणि म्हाताऱ्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "आजोबा, शेडची पट्टी राहिलीय तुमची."

नामदेव म्हणाला, "गेन्या, म्हातारा गेलाय."

"म्हणून तर मागतोय. शेड आज तेच वापरणार."

सुताराच्या भावकीनं गेनूला पायरीवरून खाली ढकलला. आण्णांनी बोलावून झाप झाप झापला. मयताच्या दारात पैसे मागतात होय रे? अशा ठिकाणी गेलं की मान खाली घालावी, हात जोडावेत, 'देवाची मर्जी' म्हणावं आणि गप उभं राहावं.

"बरं आण्णा," गेनू म्हणाला. "पुढच्या खेपेला तसं करतो."

पुढची खेप लगेच आली. तालुक्याहून शाळा तपासायला साहेब येणार होते. आण्णांना त्या दिवशी लग्नाचं जेवण होतं. त्यांनी गेनूला शाळेच्या फाटकावर उभं केलं आणि म्हणाले, साहेबांना जरा नीट सामोरा जा, मागच्यासारखी शोभा करू नको. मागच्यासारखं करायचं नाही म्हणजे कसं करायचं, ते गेनूला ठाऊक होतं. साहेब उतरले. गेनूनं मान खाली घातली, हात जोडले.

साहेबांनी विचारलं, शाळा कशी चाललीय?

गेनू म्हणाला, "देवाची मर्जी."

साहेब जरा घुटमळले. गावानं नेमलेल्या त्या नव्या बाई कुठं आहेत, म्हणाले.

गेनूनं आणखी खाली मान घातली. "देवाची मर्जी, साहेब."

बाई आत पोरांना बेचा पाढा म्हणायला लावत होत्या. पण साहेब आत गेलेच नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले आणि चहा न घेता गेले. आठ दिवसांनी तालुक्याचं पत्र आलं. श्रीमती वाघचौरे यांच्या अकाली निधनानं तालुक्याची हानी झाली, त्यांच्या आत्म्याला शांती मिळो. पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं, म्हणून बाईंनीच फोडलं. पोस्टमनला म्हणाल्या, मेल्यावर तरी पगार निघतो का तेवढं विचारून या.

आता हे ऐकून गावाला लाज वाटावी की नाही? गावानं ग्रामसभा घेतली. मोतीशेट उठला आणि म्हणाला, कागदावर बाई हयात नाहीत, मग पगार कुणाच्या नावानं काढायचा? पुष्कळांना मुद्दा पटला. दुसरा म्हणाला, मास्तर लोकांना सुट्ट्या किती असतात. तिसरा म्हणाला, बसून तर काम. हा तिसरा वर्षाचे आठ महिने पारावर बसून असतो. चौथा म्हणाला, शाळा सुधारलीच पाहिजे, पट्टी मात्र रद्द झाली पाहिजे. त्याला टाळ्या पडल्या. पोरांच्या आया मागं बसल्या होत्या, त्यातली एक म्हणाली, माझी पोर आता औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचते. तिला सांगितलं, मध्ये बोलू नको.

शेवटी मोतीशेटनंच तोड काढली. गुरू म्हणजे देव, देवाला कुणी पगार देतं का? पैसे देणं हा बाईंचा अपमान आहे. त्यापेक्षा गाव त्यांचा सत्कार करील.

गुरुपौर्णिमा होऊन गेली होती, शिक्षकदिनही होऊन गेला होता. तरी सत्कार झाला. शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. फोटोत आण्णा मधोमध, मोतीशेट त्यांच्या शेजारी, आणि बाईंचा एक खांदा. त्याच संध्याकाळी बाई मोतीशेटच्या दुकानात तांदूळ आणायला गेल्या आणि गल्ल्यावर शाल ठेवली. मोतीशेट म्हणाला, बाई, इथं रोख चालतं.

सत्कार झाल्यावर गेनूनं आण्णांना हळूच विचारलं होतं, बाईंचे पैसे? आण्णा चांगल्या मूडमध्ये होते. म्हणाले, "गेनू, गावाचं काम करणाऱ्याला पैसे द्यायचे नसतात. शाल द्यावी, नारळ द्यावा, नमस्कार करावा. त्यात मान असतो."

"बरं आण्णा. ध्यानात ठेवतो."

महिन्याभरात लायनमन आला. पंचायतीचं विजेचं बिल थकलं होतं. आण्णांनी बिलाचे पैसे गेनूजवळ ठेवले होते आणि लायनमनचं तेवढं बघ म्हणून ते तालुक्याला गेले होते. गेनूनं विचार केला, हा खांबावर चढतो, गावाला उजेड देतो. ह्याला पैसे देऊन ह्याचा अपमान कसा करू? घरी जाऊन त्यानं लग्नातली शाल आणली. नारळ आणला. लायनमनला खुर्चीवर बसवून शाल पांघरली आणि वाकून नमस्कार केला.

लायनमननं शाल घेतली. नारळ घेतला. मग तो खांबावर चढला आणि पंचायतीची लाईट तोडून गेला. पाण्याची मोटर त्याच लाईटवर. तीन दिवस गावाच्या नळाला पाणी नाही. आण्णा परतले तेव्हा गेनूनं बिलाचे पैसे जसेच्या तसे त्यांच्यापुढं ठेवले.

आण्णांनी गेनूला चावडीत बसवून शिकवलं. एकेक शब्द सावकाश, बहिऱ्याला सांगावं तसा.

"शाल-नारळावर कुणाचं पोट भरतं का रे गाढवा? आधी विचारायचं, गावाचं काम केलंय का? केलं असेल तर त्याच्या हातात रोख ठेवायचे. पावती घ्यायची. आणि पुन्हा पैसे घेऊन माझ्यासमोर आलास तर तंगडं मोडीन."

गेनूनं बोटांवर मोजलं. विचारायचं, द्यायचे, पावती, परत आणायचे नाहीत. "बरं आण्णा," म्हणाला.

हेच शहाणपण आण्णांनी ग्रामसभेत सांगितलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. पण चावडीतलं शहाणपण वेगळं आणि सभेतलं वेगळं.

यात्रा आली. यात्रेला तमाशा पाहिजे. तमाशाची वर्गणी घरामागं पाचशे रुपये. चाळीस रुपयांची शाळापट्टी सहा महिन्यांत अकरा घरांनी दिली होती, आणि ते पैसेही सत्काराच्या फोटोत गेले. पाचशे रुपयांची वर्गणी चार दिवसांत जमली. ज्याच्या घरी पोर नाही त्यानं दिली, ज्याला रात्री दिसत नाही त्यानं दिली. मोतीशेटनं दोन हजार दिले आणि पहिल्या रांगेत खुर्ची सांगून ठेवली. तमाशा वापरणार कोण, हे कुणी विचारलं नाही.

तमाशाचा फड तालुक्याला उतरला होता. मालकाचा निरोप होता, बहात्तर हजार आधी हातात, मग टेम्पो हलेल. आण्णांना मंडपाचं बघायचं होतं. यात्रेच्या आदल्या दिवशी त्यांनी थैली गेनूच्या गळ्यात अडकवली आणि म्हणाले, फडाच्या मालकाकडं जा. मागं सांगितलंय ना, तसंच कर.

गेनू गेला. मालक राहुटीत झोपला होता. गेनूनं त्याला उठवलं आणि विचारलं, गावाचं काम केलंय का?

मालक जांभई देत म्हणाला, "काम उद्या रात्री."

"म्हणजे केलं नाही."

"अरे, आधी पैसे, मग काम."

गेनूनं मान हलवली. आण्णांनी उलटं सांगितलं होतं. तो थैली घेऊन माघारी फिरला. एसटीत बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की पैसे परत न्यायचे नाहीत. तंगडं मोडणार. गावच्या फाट्यावर उतरला तो थैली पोटाशी धरूनच.

फाट्यावर वाघचौरे बाई बसल्या होत्या. शेजारी पत्र्याची ट्रंक, वर वळकटी. दुपारच्या एसटीची वाट बघत होत्या. गेनू उभा राहिला. मग त्यानं विचारलं, "बाई, तुम्ही गावाचं काम केलंय का?"

बाई आधीच वैतागलेल्या. म्हणाल्या, "सहा महिने केलंय. शाळेची घंटा तूच देतोस ना? तुला दिसलं नाही?"

दिसलं होतं. गेनूनं थैली गळ्यातून काढली आणि बाईंच्या हातात दिली.

बाईंनी थैली उघडली, नोटा बघितल्या आणि पुन्हा मिटली. सहा महिन्यांचे छत्तीसच होतात, म्हणाल्या, बाकीचे परत ने. गेनू रडवेला झाला. परत न्यायचे नाहीत बाई, तंगडं मोडणारेत. पैसे कुणाचे, कुणी पाठवले, असं बाईंनी तीनदा विचारलं. गेनू तीनदा म्हणाला, गावानं जमवले, आण्णांनी दिले, जो काम करील त्याला द्यायला सांगितलं. यात खोटं काही नव्हतं. बाईंनी ट्रंक उघडली, कागद काढला आणि पावती लिहिली. ट्रंक गेनूनं डोक्यावर घेतली आणि दोघं गावात परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आण्णा पाहुण्यांत. पाच गावची माणसं लोटली होती. दिवस मावळला. मंडप भरला. तालुक्याचे साहेब मुख्य पाहुणे होते. बायकांत बसलेल्या वाघचौरे बाई दिसल्यावर त्यांनी पाणी मागवलं. टेम्पो काही येईना. माणसं शिट्ट्या मारू लागली. आण्णांनी गेनूला विचारलं, पैसे दिले का? दिले. पावती? गेनूनं कागद दिला.

आण्णांना जोर आला. माईक धरला आणि म्हणाले, मंडळी, धीर धरा, टाकळवाडी कुणाचा पैसा बुडवत नाही, काल बहात्तर हजार रोख मोजलेत, ही पावती ऐका. आणि भोंग्यावर वाचू लागले.

"टाकळवाडी ग्रामस्थांकडून, मागील सहा महिन्यांचा पगार आणि पुढील सहा महिन्यांचा आगाऊ पगार, रोख मिळाला. सौ. वाघचौरे, शिक्षिका."

मंडपातल्या माना आण्णांकडं वळल्या. मोतीशेट पहिल्या रांगेत उठून उभा राहिला. पण त्याच्या तोंडून शब्द फुटायच्या आत साहेबांनी टाळी वाजवली. साहेबांनी वाजवली म्हणून पाहुण्या गावांनी वाजवली. बायकांनी तर इतकी वाजवली की मंडपाचं कापड हललं. यात्रेच्या पैशातून शिक्षकाचा पगार देणारं गाव आपण पहिल्यांदा बघितलं, असं साहेब म्हणाले.

आता माईक आण्णांच्या हातात आणि टाळ्या आण्णांच्या नावानं. चूक झाली म्हणणार कोण? आण्णांची छाती फुगली. ते बोलत सुटले. शिक्षण म्हणजे आमचा श्वास. पगाराचं काय घेऊन बसलात, शाळेचं छप्पर गळतंय ना?

"मी माझा सोन्या विकीन," आण्णा गरजले, "पण पोरांच्या डोक्यावर नवा पत्रा घालीन."

सोन्या म्हणजे आण्णांचा शर्यतीचा बैल. तालुक्यात त्याच्या तोडीचा नाही. आण्णा स्वतः भाकरी खायच्या आधी त्याला पेंड घालायचे. असं बोलायचं असतं. माईक हातात असला की माणूस बैल विकतो, जमीन विकतो, रक्तसुद्धा सांडतो, आणि घरी जाऊन झोपतो. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही ते माहीत असतं.

मंडपाच्या खांबापाशी गेनू उभा होता. तो म्हणाला, "बरं आण्णा."

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी जनावरांचा बाजार असतो. आण्णा दमले होते, उशिरा उठले. अंगणात गेनू पावत्या घेऊन उभा होता. एक बैलाच्या व्यापाऱ्याची, एक पत्र्याच्या दुकानाची. पैसे परत आणले नाहीत, हे त्यानं आधीच सांगून टाकलं.

आण्णांनी पावत्या दोनदा वाचल्या. मालकाला विचारल्याशिवाय बैल घेतला कुणी, एवढंच त्यांनी कसंबसं विचारलं.

गेनू म्हणाला, "व्यापारी काल मंडपातच होता. तो म्हणाला, मालकाचं मी भोंग्यावर ऐकलंय."

आण्णा धावत गोठ्यात गेले. खुंट्याला दावं तसंच होतं. ते गेनूनं विकलं नव्हतं. दाव्याचं आण्णा काही बोलले नव्हते.