जोमा तांडेलाचा एक प्रश्न

एका खाडीच्या तोंडाशी एक बंदर होतं. तिथे जोमा नावाचा एक तरुण खलाशी राहायचा. पाण्याचा रंग बघून तळाशी वाळू आहे की खडक, हे तो सांगे. एकदा वादळात भरकटलेलं एक गलबत त्याने खडकांमधून अलगद आत आणलं आणि त्याचं नाव साऱ्या किनाऱ्यावर झालं.

नाव झालं तशी त्याला दोन बोलावणी आली. एक राजाच्या आरमाराकडून, दुसरं नारोशेट नावाच्या व्यापाऱ्याकडून. दोघांनाही आपल्या गलबतावर तांडेल हवा होता. तांडेल म्हणजे गलबतावरचा मुख्य.

घरात खल सुरू झाला. मामा म्हणाला, "राजाची चाकरी म्हणजे दगडावरची रेघ. पगार बेताचा, पण जन्माची भाकरी. म्हातारपणी घरबसल्या शिधा येईल. शेटाचं काय? आज आहे, उद्या दिवाळं."

शेजारी म्हणाले, "शेट दुप्पट देतोय, वर नफ्यात वाटा. तरुणपणी नाही कमवायचं तर केव्हा?"

जोमाची आई चांगुणा चुलीपाशी बसून ऐकत होती. जोमाचा बाप असाच एका व्यापाऱ्याच्या गलबतावर होता. दर्या खवळणार, आज नको, असं त्याने मालकाला विनवून सांगितलं होतं. मालकाने ऐकलं नाही. गलबत सुटलं ते परत आलंच नाही. अखेर ती एवढंच म्हणाली, "जोमा, पैशाचं तुझं तू बघ. मला तू घरी परत यायला हवास."

ते शब्द मनात धरून जोमा आधी आरमाराचे कारभारी विसाजीपंत यांच्याकडे गेला. पंत करड्या शिस्तीचे, पण सज्जन. त्यांनी पगार सांगितला, घर दाखवलं, सगळ्या सवलती समजावल्या.

जोमा म्हणाला, "पंत, मला एकच विचारायचंय. आभाळ बघून मी 'आज नको' म्हटलं, तर ऐकाल का?"

पंत म्हणाले, "तुला हो म्हणून ठेवून घेणं मला सोपं आहे. पण ते खोटं होईल. गलबत कधी सुटायचं ते किल्ल्यावरून ठरतं. शत्रू दारात आला तर आभाळ बघत बसता येत नाही. तुझं म्हणणं मी वर कळवीन. ते मानतीलच असा शब्द माझ्याच्याने देववत नाही."

जोमाने त्यांना वाकून नमस्कार केला. हा माणूस खरं बोलला, याचं त्याला मोल वाटलं.

तिथून तो नारोशेटाकडे गेला आणि त्यालाही तेच विचारलं. शेट गोदीत उभा राहून दोर तपासत होता. दोर खाली ठेवून तो म्हणाला, "माल वेळेवर पोचला नाही तर मी बुडतो. पण आभाळातलं मला काय कळतं? नांगर उचलायचा की नाही, ते तू ठरव. हा माझा शब्द."

जोमाने शेटाची चाकरी धरली. मामाने कपाळावर हात मारला. आईने जोमाचा हात घट्ट धरला. तो तिला म्हणाला, "आये, बाबांना 'नको' म्हणायची मुभा नव्हती. मला आहे."

नारळी पौर्णिमा झाली, समुद्र मोकळा झाला. नारळ-सुपारीने गलबत काठोकाठ भरलं. दिवाळीच्या बाजाराला माल पोचवायचा होता. निघायच्या सकाळी जोमा धक्क्यावर उभा राहिला. वारा अगदी पडला होता, तरी पाण्याला फुगवटा होता. पश्चिमेला आभाळ तांब्यासारखं झालं होतं. समुद्रपक्षी खाडीत आत येऊन बसले होते.

"आज नाही," तो म्हणाला.

शेटाचा चेहरा उतरला. शेजारच्या धक्क्यावरून दुसऱ्या व्यापाऱ्याचं गलबत डौलात निघत होतं. शेट ते नजरेआड होईपर्यंत बघत राहिला. तो पाठ फिरवून निघून गेला.

आणि झालं काय? वादळ आलं ते दूर समुद्रातच विरून गेलं. बंदरावर साधी सरही पडली नाही. दुसऱ्या व्यापाऱ्याचं गलबत सुखरूप पोचलं, त्याच्या मालाला चढा भाव मिळाला, आणि ते परत आलं तेव्हा त्यावर ताशे वाजत होते. नारोशेटाचा माल मात्र गलबतातच पडून राहिला आणि दिवाळीचा बाजार हुकला. बाजारात लोक जोमाला बघून हसू लागले. "अहो तांडेल, आज ढग दिसतोय, घराबाहेर पडू का?"

जोमाला लाज वाटली. शेट तर त्याच्याशी बोलेनासा झाला होता. शेवटी जोमा स्वतःच पेढीवर गेला. तिथे शेटाजवळ मुनीमही बसला होता.

"शेट," जोमा म्हणाला, "माझा अंदाज चुकला. तुमचं नुकसान झालं. दुसरा तांडेल बघायचा असेल तर बघा, माझा राग नाही. पण उद्या तसंच आभाळ दिसलं, तर मी पुन्हा नाहीच म्हणेन. हे आत्ताच सांगून ठेवतो."

मुनीम उसळला. "ऐकलंत? चूक करून वर हे तोंड! काढून टाका त्याला."

शेटाने समोरची वही मिटली. मग म्हणाला, "मुनीमजी, मलाही तसंच वाटत होतं. शब्द देताना हलका होता, पाळताना फार जड गेला. पण हा माणूस आत्ता नोकरी वाचवायला एक गोड वाक्य बोलला असता तरी चाललं असतं. ते तो बोलला नाही. भर दर्यात माझ्या माणसांना असाच तांडेल हवा." आणि जोमाकडे वळून तो म्हणाला, "गलबत तुझं. तू म्हणशील तेव्हा सुटेल."

जोमाचे डोळे भरून आले. तो थेट धक्क्यावर गेला आणि वारा बघू लागला.

पुढे कितीतरी हंगाम त्याने ते गलबत चालवलं. कधी उशिरा नेलं, कधी सगळ्यांच्या आधी नेलं. शेटाला कधी नफा झाला, कधी तोटा. पण त्या गलबतावरचा एकही खलाशी दर्याने गिळला नाही. दुसऱ्या बंदरांतले जाणते खलाशी, आहे त्याहून कमी पगारावरही, तिथे जागा मागायला येऊ लागले.

तात्पर्य: चाकरी सरकारची असो की सावकाराची, पगार आणि शाश्वती जरूर बघावी, पण जिथे आपल्या प्रामाणिक 'नाही'ला मान आहे, तीच चाकरी खरी. आणि तो मान ज्याला मिळाला, त्याने आपली चूकही तितक्याच सरळपणे पदरात घ्यावी.