धाकूचा खुंट

खाडीवर धक्कासुद्धा नव्हता, माणसं गुडघाभर चिखल तुडवत होडीत चढायची, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या गावची होडी धाकू तांडेल चालवायचा. माणूस इतका मऊ, की जन्मात कुणाला नाही म्हणाला नाही, असं म्हणतात. आणि तिथंच त्याची चूक झाली बरं!

गावात येसू नावाची विधवा राहायची. तिची एकुलती एक लेक मंजुळा पलीकडच्या कांदळवाडीत दिलेली. एकदा चुलीतल्या ठिणगीनं शेजारचं घर जळालं आणि येसूच्या मनात भीती बसली ती बसलीच. बाकीच्या बायका निखारा राखेत पुरून ठेवत. येसू चुलीत घागरभर पाणी ओतायची, राखेत हात घालून चाचपायची, पुन्हा ओतायची, पुन्हा चाचपायची. रोज सकाळी विस्तव मागायला शेजारी जायची. बायका हसायच्या, येसूही हसायची. तिला काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं हो. पण हात राखेत जायचाच.

होडीत बसली की चार वल्ही मारून होतात न होतात तोच ती विचारायची, चूल विझली असेल ना? धाकू बिचारा होडी फिरवायचा. पुढे पुढे तर तोच धावत तिच्या घरी जायचा, चूल बघून यायचा आणि सांगायचा, विझलीय वैनी. तेवढ्यापुरतं तिला बरं वाटे. मग ती विचारी, नीट हात घालून बघितलंत ना? एका फेरीला असे तीन-तीन हेलपाटे होऊ लागले. गावानं उतारे टाकले, अंगारे लावले, रागावूनही पाहिलं. तीन वर्षं येसू लेकीच्या दारात पोचली नाही.

मंजुळेला दिवस गेले तेव्हा येसू होडीतच रडली. लेकीच्या बाळंतपणालाही माझं जाणं व्हायचं नाही, म्हणाली. धाकूच्या जिवाला ते फार लागलं.

खाडीच्या मध्यावर एक जुना लाकडी खुंट होता. भरतीचं पाणी त्यावर चढायचं, पार वरपर्यंत यायचं आणि आपलं आपण उतरायचं. धाकूनं ते हजारदा पाहिलं होतं. त्या दिवशी पाहिलं आणि येसूला विचारलं, ही भीती कधी आपली आपण उतरते का?

"थांबून कुठे बघितलंय, भाऊजी," येसू म्हणाली.

मग दोघांनी ठरवलं. पहिल्या दिवशी होडी काठालाच बांधून नुसतं बसायचं. येसूनं विचारलं, चूल विझली असेल ना? धाकू म्हणाला, "असेल, नसेल. आपण बसू." जन्मात पहिल्यांदा त्यानं कुणाला हवं ते दिलं नाही. येसूनं त्याला दगड म्हटलं, घामाघूम झाली, पण उठली नाही. भीती गळ्यापर्यंत चढली आणि हळूहळू उतरली. दुसऱ्या दिवशी तीच भीती पुन्हा आली. दोघं पुन्हा बसले. असं करत होडी रोज थोडी पुढे सरकली. मध्ये दोनदा येसू चिखलात उतरून घरी पळाली, दुसऱ्या दिवशी धाकू पुन्हा होडी घेऊन हजर.

एके दुपारी सांगावा आला, मंजुळेला कळा सुरू झाल्या. होडी खुंटापाशी आली आणि येसू ओरडली, फिरवा! धाकूनं होडी थांबवली आणि दोन्ही वल्ही तिच्या हातात दिली.

"वैनी, फिरवायची तर तुम्ही फिरवा. मी अडवणार नाही."

येसू वल्ही धरून बसून राहिली. ती रडत होती. त्या घटकेला सगळी खाडी थांबली, चढतं पाणी जिथल्या तिथं उभं राहिलं आणि माशांनी डोकी वर काढून तिच्याकडे पाहिलं, असं म्हणतात. मग येसूनं वल्ही पाण्यात घातली आणि होडी कांदळवाडीकडे नेली, तेव्हा कुठे खाडी हलली. दिवेलागणीला तिनं नातीला मांडीवर घेतलं. भीती तिच्यासोबत आली होतीच. नातीला न्हाऊ घालायच्या गडबडीत ती कधी उतरली, येसूला कळलंही नाही.

आता खाडीत इंजिनाच्या होड्या चालतात. पण धाकूच्या खुंटापाशी आजही तांडेल क्षणभर इंजिन बंद करतो. कुणाला दाराची कडी आठवते, कुणाला दिवा, कुणाला चूल. तांडेल होडी फिरवत नाही, धीराचे शब्दही बोलत नाही. सगळे मिळून हळूच म्हणतात, असेल, नसेल, आणि थोडा वेळ पाण्याकडे बघत बसतात.

आणि त्या दिवशी येसूची चूल विझली होती का? ते आमच्या गावात कुणालाच ठाऊक नाही. कुणी विचारतही नाही.